‘कार्बाइड’ राऊटर बिटांचा स्वस्त संच: कड मारण्याआधी व्हर्नियर लावा

रुखवतात द्यायचा सागवानी पाट तयार असतो, फक्त कडेला गोला (बाहेर फुगीर कड) नाहीतर गलता (आत खोलगट कड) मारायचा राहिलेला असतो. मग राऊटरच्या, म्हणजे लाकडाची कड घडवणाऱ्या हातमशीनच्या, बिटांची (त्यात बसवायच्या पात्यांची) ऑनलाइन शोधाशोध होते. बारा बिटं, लाकडी डबा, वर ‘टंगस्टन कार्बाइड, पाव इंची शँक’ अशी छपाई आणि किंमत सात-आठशे रुपये. एका चांगल्या बिटालाच काही शे रुपये पडतात, तेव्हा एवढ्या पैशांत बारा मिळतात कशी, हा प्रश्न मागवतानाच पडायला हवा.

अशा एका संचात प्रत्यक्षात काय आलं ते सांगतो. बरीच बिटं 6 मिमी शँकची (मशीनमध्ये जाणाऱ्या दांड्याची) निघाली. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, त्याला व्हर्नियर (जाडी मोजायचं मापक) लागतं, पण 6.35 च्या कोलेटमध्ये (शँक आवळून धरणाऱ्या मशीनच्या पकडीत) 6 ची शँक नीट धरली जात नाही. नट कितीही आवळा, मशीन चालू असताना बिट हळूहळू खाली सरकतं आणि गोल्याच्या वरच्या काठाला पायरी पडत जाते, पुढे पुढे आणखी खोल. ही पायरी पॉलिश पेपरने जात नाही. मग पाट चारही बाजूंनी कापून लहान करायचा, नाहीतर त्याहून मोठा गोला मारून ती झाकायची.

दुसरी लबाडी कार्बाइडची. खऱ्या बिटात कार्बाइडची पाती पोलादी अंगावर झाळून बसवलेली असतात, त्या जोडाची पितळी किंवा चांदीसारखी बारीक रेघ दिसते. अंगावर निळा-लाल रंग फासून ती लपवतात, पण पात्याच्या घासलेल्या तोंडावर रंग नसतो. तिथे भिंगातून बघा. या संचातल्या काही बिटांना जोडच नव्हता, अख्खं बिट एकाच पोलादाचं. चुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो निरुपयोगी आहे: कार्बाइडमधल्या कोबाल्टमुळे चुंबक थोडा धरतोच, आणि खालचं अंग तर पोलादीच असतं. सागाच्या लाकडात सिलिका असते, तिच्यापुढे साध्या पोलादाची धार फार लवकर बसते. मग बिट कापायचं सोडून घासतं, तापतं, आणि कड काळी पडते.

बेअरिंगचा, म्हणजे बिटाच्या टोकाला असलेल्या आणि कडेला टेकून फिरणाऱ्या चाकाचा, हिशेब सोपा आहे, पण फार थोडे लोक करतात. गोल्याच्या बिटाचा एकूण व्यास = बेअरिंगचा व्यास + त्रिज्येची दुप्पट. 12.7 मिमीचं बेअरिंग आणि 6.35 मिमीची त्रिज्या असेल तर बिट 25.4 मिमी भरायला हवं. बेअरिंग या हिशेबाहून लहान बसवलेलं असेल तर कडेला नको ती खाच उमटते. बेअरिंग बोटाने फिरवा. खरखरलं किंवा अडलं तर ते मशीनवर जाम होऊन कडेवर घासत जाणार आणि लाकडावर चट्टा उठणार.

साधा ट्रिमर (छोटा राऊटर) मिनिटाला तीस हजार फेऱ्या मारतो. त्या वेगात एक इंच व्यासाच्या बिटाचं टोक ताशी 140 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. झाळण कच्चं असलेलं पातं त्या वेगाने तोंडाकडे उडू शकतं, तेव्हा गॉगलशिवाय मशीन चालू करूच नका. बिटावर किंवा वेष्टनावर कमाल आरपीएम कुठेही लिहिलेले नसतील तर असा माल ठेवून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तक्रार केली की विक्रेता म्हणतो, ‘तुमचा हात बसलेला नाही, लाकूड कडक आहे.’ हात चुकतोही, म्हणून हाताची चूक आणि बिटाचा दोष यांतला फरक ओळखता यायला हवा. हात थांबल्यामुळे करपतं ते ठरावीक जागी: सुरुवातीला, कोपऱ्यावर, जिथे मशीन रेंगाळलं तिथे. बिट बोथट असेल तर हात सरसर चालवूनही सगळी कड करपते, आणि उजेडात धरल्यावर धारेवर चकाकणारी रेघ दिसते. तीक्ष्ण धार चकाकत नाही. आपल्या बाजूने चूक राहू नये म्हणून जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात त्या दोन बाजू आधी मारा, म्हणजे तिथे कोपऱ्याला उडालेली ढलपी नंतरच्या उभ्या बाजू मारताना निघून जाते. आपल्या समोरच्या कडेवर मशीन डावीकडून उजवीकडे न्या. एका फेरीत दोन-तीन मिमी, शेवटची फेरी जेमतेम अर्ध्या मिमीची.

पण हे सगळं नंतरचं. बिट एकदा लाकडाला लागलं की ‘वापरलेला माल’ म्हणून परतावा नाकारतात. म्हणून डबा उघडण्यापासून प्रत्येक शँकवर व्हर्नियरचा आकडा दिसेपर्यंत न तोडता व्हिडिओ काढा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर त्याचाही फोटो घ्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तक्रारीत ‘माल निकृष्ट आहे’ असं मोघम लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. ‘जाहिरातीत 6.35 मिमी शँक, प्रत्यक्षात 6 मिमी, फोटो सोबत’ असं लिहा.