सॅच्युरेशन ९९ असलं तरी कॅप्नोग्राफ हवाच

मी मुलुंडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ओटी टेक्निशियन आहे, १९ वर्षं याच कामात. मागच्या वर्षी प्रिन्सेस स्ट्रीटवरून हातात मावणारा कॅप्नोग्राफ, म्हणजे पेशंटच्या बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, आणला, ६० हजारांच्या आसपास पडला. "पल्स ऑक्सिमीटर आहे की, आणखी कशाला खर्च?" असं मालकांचं म्हणणं होतं. त्याचं उत्तर मला एका केसमध्ये मिळालं.

दुर्बिणीने पित्ताशय काढायचं होतं. पेशंट एक मावशी, लिव्हर आधीच सिरोसिसने खराब. ट्यूब टाकल्यावर व्हेंटिलेटर जोडेपर्यंत नवीन मुलगा हाताने बॅग दाबून श्वास देत होता, घाबरून भराभर. सॅच्युरेशन ९९. कॅप्नोग्राफवर मात्र आकडा ३६ वरून २९, मग २५. भुलीच्या मॅडम म्हणाल्या, "हळू दाब रे बाळा, त्यांच्या लिव्हरचं रक्त कमी करतोयस."

नंतर चहाच्या वेळी त्यांनी समजावलं. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ चौथा हिस्सा लिव्हरला जातो. त्यातलं पाऊण रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं. त्यात ऑक्सिजन आधीच कमी, तरी लिव्हरचा साधारण निम्मा ऑक्सिजन तिथूनच मिळतो. भराभर श्वास दिल्याने कार्बन डायऑक्साइड फार उतरला की लिव्हरकडे येणारं रक्तच घटतं. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं, सोडत नाही. बोर या शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. बोटाची क्लिप रक्तात ऑक्सिजन किती भरलाय तेवढं सांगते. लिव्हरपर्यंत किती पोचला, ते तिला कळत नाही.

दुर्बिणीच्या केसमध्ये पोटात भरतात तो गॅसही कार्बन डायऑक्साइडच. त्यामुळे आकडा वर चढतो आणि श्वास वाढवायचा मोह होतो. तो किती वाढवायचा, कुठे थांबायचं, हे हे यंत्र दर श्वासाला दाखवतं. मॅडम ३५ च्या खाली जाऊ देत नाहीत.

आता तक्रारी. पावसाळ्यात सॅम्पलिंग लाइनमध्ये (श्वासाचा नमुना यंत्रात नेणारी बारीक नळी) पाणी साचून पडद्यावरची लाट सपाट होते, पहिल्यांदा बघितली तेव्हा छातीत धस्स झालं. वॉटर ट्रॅप (पाणी अडवणारी डबी) प्रत्येक केसनंतर रिकामा कराच. अलार्म फार बारीक वाजतो, सक्शन चालू असलं की ऐकूच येत नाही. आणि हा आकडा धमनीतल्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा बहुतेक वेळा थोडा कमीच असतो, फुप्फुसं खराब असली तर फरक बराच वाढतो. अशा पेशंटचं एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करायलाच हवं.

विक्रेत्याने नवीन लाइन द्यायला ३ आठवडे लावले. यंत्र घ्याल त्याच दिवशी १० जास्तीच्या लाइन मागून घ्या.