विटांचे उंच वाफे: मे ते फेब्रुवारी वापरून झाल्यावरचा अनुभव

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे, मागे साधारण १४ बाय १५ फुटांची मोकळी जागा आणि माती अस्सल काळी. ज्यांच्याकडे अशी माती आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात चिकट गारा आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. भाजी लावायची तर उंच वाफेच करायचे हे मनात पक्कं होतं, म्हणून मे महिन्यात विटांचे दोन वाफे बांधून घेतले आणि एक ऑनलाईन मिळतो तसा हिरव्या एचडीपीई (विणलेल्या जाड प्लास्टिकच्या) कापडाचा तयार वाफा पण घेतला, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी बघता येतील. आता पावसाळा आणि थंडी दोन्ही होऊन गेलंय, त्यामुळे नवीन सुरू करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितेय.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगते, वाफा कशाचा केला यापेक्षा तो कुठे आणि किती रुंद केला यावर सगळं ठरतं. बहुतेक जण आधी सामान आणतात आणि मग जागा शोधतात, कृपा करून उलटं करा. रुंदी ३ फूट, जास्तीत जास्त ४, आणि ती पण दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तरच. भिंतीला चिकटून असेल तर २ फुटांच्या वर जाऊ नका, कारण वाफ्यात पाय ठेवला की माती परत दबते आणि मग उंच वाफा करून उपयोग काय. दोन वाफ्यांमध्ये भरलेलं घमेलं घेऊन माणूस आरामात गेला पाहिजे, आम्ही २ फूट सोडलेत. आई पाट घेऊन त्या वाटेत बसते आणि बसल्या बसल्या अर्ध्या वाफ्याची खुरपणी करते, वाकावं लागत नाही याचं तिला फार कौतुक आहे.

दुसरं ऊन. आखणी मे महिन्यात केली तर सगळीकडे ऊनच ऊन दिसतं, कारण नाशिकला मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो. पण डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ५ फुटी कंपाऊंडची सावली भर दुपारी सुद्धा साडेचार-पावणेपाच फूट लांब पडते. भाजीपाल्याचा आपला खरा मोसम थंडीचा, मेथी पालक कोथिंबीर मुळा गाजर टोमॅटो फ्लॉवर सगळं तेव्हाच, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतीपासून ५ फूट सोडून मगच वाफे सुरू केलेत, लांबी दक्षिणोत्तर. त्या सावलीच्या पट्ट्यात कंपोस्टचा ड्रम आणि अळू आहे. दोडका-कारल्याचा मांडव कायम उत्तरेच्या टोकाला घ्या, नाहीतर वेल बाकी सगळ्यांचं ऊन खातो.

आता बांधणी. आतून ८ बाय ३ फूट, उंची १ फूट. विटा सिमेंट न लावता नुसत्या आडव्या रचल्यात, सांधा मोडून (म्हणजे वरची वीट खालच्या दोन विटांच्या जोडावर येईल अशी), खालचा एक थर पूर्ण जमिनीत पुरलाय आणि वर चार थर. एका वाफ्याला १५०-१६० विटा लागतात. सिमेंट नसल्यामुळे जास्तीचं पाणी फटींतून निघून जातं आणि उद्या जागा बदलायची तर विटा परत वापरता येतात. तळाला प्लास्टिक अजिबात टाकू नका, खालची काळी माती कुदळीने वीतभर खणून मोकळी करून घेतली की मुळं खाली उतरतात आणि ती माती पाणी धरून ठेवते, त्याचा फायदा टोमॅटोला स्पष्ट दिसला. तळाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारेची जाळी, मात्र टाकाच. आमच्या कॉलनीत घुशी भरपूर आहेत, शेजाऱ्यांचं रताळं खालून पोखरलं, आमच्या वाफ्यांना अजून काही झालं नाही.

भरायला एका वाफ्याला २४ घनफूट लागतं, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आम्ही खाली वाळका पाला आणि उसाची वाळलेली चिपाडं घातली, वर पोयटा (गाळाची) माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निंबोळी पेंड. शेणखत अर्धकच्चं घेऊ नका, त्यातून हुमणी (मातीतली पांढरी अळी) येते आणि ती मुळं खाते. पावसाळा संपेपर्यंत सगळं बरंच खाली बसतं, ते होणारच, पाला कुजतो ना, म्हणून दसऱ्याच्या आसपास परत गांडूळखत आणि मातीची भर घालायची तयारी ठेवा. आणि चिपाडं वरच्या थरात मिसळायची नाहीत, ती कुजताना नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

पावसाळ्यात या वाफ्यांनी जे करून दाखवलं त्याने मी फारच खूश झाले. जुलैत सलग पाऊस चालू असताना खाली जमिनीत लावलेल्या मिरच्या मर (रोप कोमेजून मरण्याचा रोग) लागून गेल्या, त्याच मिरच्या वाफ्यात टिकल्या, कारण मुळाशी पाणी थांबतच नाही. भेंडीची १२ झाडं लावली होती, दिवसाआड तोडणी, चार माणसांची एक भाजी व्यवस्थित व्हायची. त्रास एकच, विटांच्या फटींत गोगलगायी लपतात आणि रात्री कोवळी रोपं साफ करतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करायच्या, हा उपाय सगळ्यात चालला. गोगलगायींवर मीठ टाकत असाल तर ते मातीवर पडू देऊ नका.

ऑक्टोबर हिटमध्ये वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो हे मान्य करायलाच हवं, विटा पण पाणी शोषतात. कडेची मेथी आधी कोमेजते. १६ मिमीची इनलाईन ड्रीप (आतच ठिबकचे ड्रिपर बसवलेली नळी), प्रत्येक वाफ्याला दोन ओळी, आणि वर वाळक्या पाल्याचं दोन बोटं आच्छादन एवढं केल्यावर प्रश्न राहिला नाही. उन्हाळ्यात काय होतं ते अजून बघायचंय, आत्ताच गवार आणि काकडी टाकलीय आणि शेडनेट आणून ठेवलंय.

एचडीपीईवाला वाफा ४ बाय २ बाय १ चा होता. अर्ध्या तासात लागतो, गोगलगायी नाहीत, घुशींची भीती कमी. पण माती ओली झाली की मधे फुगतो, आम्हाला बाहेरून बांबू ठोकावे लागले, आणि कडेची शिवण एका ठिकाणी उसवायला लागलीय. भाड्याचं घर असेल किंवा जमीनच नसेल तर हाच घ्या, फक्त जाड कापडाचा आणि यूव्ही स्टॅबिलाईज्ड (उन्हात लवकर न विरणारा) बघून. गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा, एवढ्याशा वाफ्यात सव्वादोनशे लिटर मिश्रण बसतं आणि नुसती माती भरून पाणी दिलं की तीनशे किलोच्या पुढे सहज जातं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडं भरपूर आणि माती अगदी कमी वापरायची पद्धत रुजवली, गच्चीसाठी मला तीच योग्य वाटते, रसवंतीवाले चिपाडं बहुतेक फुकटच देतात. फक्त ती आधी चांगली वाळवा, ओली तशीच भरली तर मुंग्या लागतात.

सुरुवात एकाच वाफ्याने करा असं मी सगळ्यांना सांगतेय. बजेट असलं तरी एकच, एक पावसाळा आणि एक थंडी त्यात काढा, तुमच्या जागेतलं ऊन आणि पाणी कळलं की दुसरा कुठे घ्यायचा ते आपोआप ठरतं.