"सगळे एकत्र राहतात हो": नव्या फिश टँकसोबत गळ्यात मारले जाणारे मासे

पहिल्यांदाच फिश टँक घेणारं कुटुंब दुकानात शिरलं की पुढचा व्यवहार बऱ्याच ठिकाणी ठरलेला असतो. दोन फुटी टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, हवेचा छोटा पंप आणि त्याच दिवशी सोडायला मासे: चार गोल्डफिश, दोन 'शार्क', दोन एंजल, चार टायगर बार्ब आणि 'टाकी साफ ठेवायला' एक सकर. "सगळे एकत्र राहतात हो, काही होत नाही." आठवड्याभरात पहिला मासा उलटा तरंगतो आणि घरातली माणसं स्वतःलाच बोल लावतात. खाणं जास्त पडलं असेल, मुलांनी काच ठोकली असेल. त्यांची चूक नसते. हे मासे एका टाकीत राहूच शकत नाहीत, आणि रोज हाच धंदा करणाऱ्याला ते ठाऊक नाही हे पटण्यासारखं नाही.

आधी तो 'शार्क' पाहा. बोटाएवढा, चंदेरी, अंगावर दोन काळसर पट्टे, तोंडाशी बारीक मिशा, शेपटी दुभंगलेली. हा पंगस. बाजारात 'बासा' म्हणून ज्याचे काप मिळतात तोच. शेततळ्यात तो वर्षाच्या आत किलोभर होतो आणि पूर्ण वाढला तर मीटरभर लांब. दोन फुटी टाकीत तो घाबरून काचेवर धडका देतो, नाकाड सोलवटतं आणि त्या जखमेला बुरशी धरते. कधी मिशा नसलेला, मोठ्या खवल्यांचा, परांना काळी किनार असलेला मासा 'सिल्व्हर शार्क' म्हणून देतात. तो वेगळा, पण तोही फूटभर वाढतो.

सकरचं तर उघड खोटं आहे. तो टाकी साफ करत नाही. लहानपणी थोडं शेवाळ खातो, मोठा होतो तशी त्याची घाणच टाकीत सगळ्यात जास्त पडते, आणि पोट भरलं नाही तर रात्री गोल्डफिश किंवा एंजलच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी माशाच्या कुशीवर पांढुरके चट्टे दिसले तर आधी त्याच्यावर संशय घ्या. वाढ दीड फुटाच्या आसपास. शेवाळ येतं ते जास्त उजेडाने आणि जास्त खाण्याने. दिवा सहा-सात तासांवर आणा, काच स्पंजने पुसा, त्यासाठी मासा विकत घ्यावा लागत नाही.

टायगर बार्ब हा वाईट मासा नव्हे, पण त्याला आठ-दहांची टोळी लागते. टोळी मोठी असली की भांडणं आपापसात जिरतात. चारच दिले की ते एंजलच्या पोटाखालच्या लांब दोऱ्यांसारख्या परांवर तुटून पडतात. फायटरच्या आणि गप्पीच्या झुबकेदार शेपट्यांचीही तीच गत होते. एंजल मोठा झाला की स्वतः निऑन टेट्रा गिळतो, त्यामुळे ती जोडीही टाळा. गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचं पाणी मानवतं, एंजलला 25 ते 28. शिवाय गोल्डफिश घाण इतकी करतो की छोट्या टाकीत बाकीच्यांना त्याच्या सोबतीने जगणं अवघड.

पण पहिल्या आठवड्यात मासे मरतात ते बहुधा मारामारीने नव्हे, अमोनियाने. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया थेट पाण्यात येतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं सडून तो तयार होतो. तो खाऊन नायट्राइट आणि पुढे बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट बनवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच. मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले लाल दिसतात, पाणी दुधाळ होतं. अशा वेळी दुकानात गेलं की निळं औषध आणि मीठ हातात पडतं. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर ते ठीक, पण अमोनिया त्याने जात नाही, उलट फिल्टरमध्ये नुकते धरू लागलेले जिवाणू मरतात. मग आणखी मासे मरतात आणि "बदलून देतो, वरचे थोडे द्या" म्हणत पुढची विक्री होते. खरी फसवणूक इथे आहे. एकाच टाकीत मासे तीन-तीनदा विकले जातात.

मासे मरत असतील तर आधी खाणं बंद करा. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून टाकीत घालण्याआधी त्यात अँटीक्लोरीन मिसळा. थेंबांचं टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत एकही नवा मासा नको. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. हवेचा नुसता पंप म्हणजे फिल्टर नव्हे, त्याच्या नळीला स्पंज फिल्टर जोडावा लागतो. ओळखीच्यांच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर आठवडे वाचतात.

गुलाबी, हिरवे, जांभळे टेट्रा आणि रंगीत पट्ट्यांचे ग्लास फिश दिसले तर हात लावू नका. ग्लास फिश हा आपल्याकडचाच पारदर्शक मासा, रंग त्याला सुईने टोचलेला असतो. काही महिन्यांत तो उतरतो, तोवर मासा जगला तर.

नवीन घेणार असाल तर आधी पाणी मोजा. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणा आणि 61ने भागा. 24 × 12 × 12 म्हणजे साधारण 57 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती 45च्या आसपास. एवढ्या पाण्यात आठ एम्बर टेट्रा, सहा पिग्मी कोरी आणि एक हनी गुरामी सुखाने राहतात. कोरी तळाशी मिशांनी चाचपत खातात, त्यांना बारीक वाळू हवी, धारदार खड्यांनी त्या मिशा झिजतात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर हा संच सोडा आणि सात-आठ नर गप्पी घ्या. नराचा पोटाखालचा मागचा पर टोकदार काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. 'जोडी' म्हणून एक नर, एक मादी घेतली तर नर तिला सतत हैराण करतो आणि महिन्या-महिन्याला पिल्लं होतात. सगळे मासे एकदम सोडू नका. एक टोळी, दोन आठवडे थांबणं, टेस्ट, मग पुढची.

दुकानात प्रत्येक माशाबद्दल विचारा: याचं नेमकं नाव काय आणि पूर्ण वाढ किती? "टाकी बघून वाढतो" हे उत्तर आलं की तिथेच थांबा. छोट्या टाकीत मासा खुरटतो, आजारी पडतो, लवकर मरतो. टाकी पाहून कोणी बेताने वाढत नाही. त्याच काचेत एखादा मेलेला, पर मिटून बसलेला किंवा मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा दिसला तर त्यातला दुसराही घेऊ नका.

पंगस आणि सकर आधीच घरी आले असतील तर मोठी टाकी किंवा बंदिस्त हौद असलेल्याला द्या. तलावात, नदीत, गणेशघाटावर सोडू नका. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे सकर मुळात दक्षिण अमेरिकेचे, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. बिलावर 'मासे 13 नग' असं घेऊ नका, प्रत्येक प्रकाराचं नाव आणि संख्या लिहून घ्या. दुकानदाराने 'एकत्र राहतील' म्हटलं असेल तर तेवढं मेसेजवर मागून घ्या. पैसे परत द्यायला तो नाकारत असेल तर बिल, तो मेसेज आणि टाकीचे तारखेसह फोटो हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.