टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?
सोलापुरात हैदराबाद रोडला थांबलेल्या जुन्या डिझेल ट्रकची चावी फिरवली की डॅशबोर्ड कधी पेटतो, कधी नाही. अशा वेळी मी आधी टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर जोडलेला तपासणीचा बल्ब, घेतो. 24 व्होल्टचा बल्ब करंट ओढतो, त्यामुळे चावीच्या स्विचमधला गंजलेला कॉन्टॅक्ट लगेच कळतो, बल्ब मिणमिणतो. लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, चालू नसेल तर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) तिथेच पूर्ण 24 व्होल्ट दाखवून फसवतो. लोड चालू ठेवून वायरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, मोजला, तर मात्र खराब जागा नेमकी सापडते. वेळ लागतो, पण विनाकारण अख्खी वायरिंग बदलण्यापेक्षा परवडलं.

आरपीएम मीटर (इंजिनचे मिनिटाला फेरे दाखवणारं) चालत नसेल, तर तपासायला मल्टिमीटरच हवा. त्याचा सिग्नल बहुधा अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून येतो. इंजिन चालू ठेवून त्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघा. तिथे मिळालं, तर पुढची वायर, अर्थिंग, शेवटी आरपीएम मीटर तपासा.