सोलापूरच्या गच्चीसाठी शेडनेट : ५० टक्के घ्या, ७५ नको

गेल्या वर्षी मार्चमध्ये लावलेली नेट आहे, आता दुसरा उन्हाळा संपत आलाय म्हणून लिहितेय, कारण महिनाभर वापरून शेडनेटचा रिव्ह्यू देण्यात काही अर्थ नाही. हिरवी, ५० टक्के, मोनो म्हणजे गोल एकेरी धाग्याची. घर जुळे सोलापूरात, गच्ची पूर्ण उघडी, आजूबाजूला सावली देणारं एक झाड नाही. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२ च्या वर जातो हे सोलापूरकरांना सांगायला नको, वर स्लॅब तापतो तो वेगळाच, दुपारी कुंडीच्या कडेला हात लावला की चटका बसतो. मिरची, टोमॅटो, वांगी, कढीपत्ता, मोगरा आणि एक डाळिंब एवढं सगळं त्या उन्हात.

पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा नीट समजून घ्या. ५० टक्के म्हणजे निम्मं ऊन अडवते, ७५ म्हणजे पाऊण ऊन अडवते, पावच खाली येतं. दुकानात मला ७५ च घ्या म्हणून आग्रह चालला होता, "ताई, सोलापूरचं ऊन आहे, पन्नासनं काय होणार?" बऱ्याच लोकांना हे पटतं आणि ते ७५ घेऊन जातात. आमच्या जाऊबाईंनी पण तीच घेतली, त्यामुळं मला दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळाल्या, रोपं तर एकाच नर्सरीतल्या एकाच ट्रेमधली होती.

फरक शेंड्यात दिसतो. माझ्याकडच्या मिरचीत दोन पेरांमधलं अंतर साधारण एक बोट, देठ कडक, पानं छोटी पण गडद. जाऊबाईंकडं तेच अंतर तीन बोटं, पानं मोठी, फिकट, हाताला मऊ लागणारी, आणि खोड इतकं नाजूक की काठी बांधल्याशिवाय उभं राहीना. बघणाऱ्याला वाटतं किती छान वाढलंय, उंच झालंय. पण ती उंची उजेड शोधण्यासाठी असते. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खातं, तांबड्याच्या पलीकडचा जो दूरतांबडा प्रकाश असतो तो बराचसा तसाच पुढं जाऊ देतं. म्हणून दुसऱ्या झाडाच्या सावलीत तांबडा कमी आणि दूरतांबडा जास्त असतो. झाडात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं, ते हे प्रमाण ओळखतं, आणि शेजारी कुणीतरी डोक्यावर आलंय असं समजून झाड फांद्या फोडायच्या थांबवून सगळा जोर उंचीत घालतं. सावली दाट झाली की उजेडच कमी पडतो म्हणूनही असंच होतं, आणि हिरव्या नेटमधून झाडाच्या उपयोगाचा रंग आणखी कमी येतो. म्हणून हिरव्यात ७५ म्हणजे फारच झालं.

उजेड एका बाजूनं येत असेल तर अजून एक प्रकार. माझी नेट पश्चिमेला खालपर्यंत सोडलीय, पूर्व उघडी, तर सगळे शेंडे पूर्वेकडं झुकायला लागले. सावलीच्या बाजूला ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, शेंडा उजेडाकडं वळतो. डार्विननं मुलगा फ्रान्सिसला घेऊन १८८० मध्ये गवताच्या कोंबांवर हेच बघितलं होतं, टोकाला टोपी घातली की कोंब वळेना, म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाकतं खालचं. गच्चीवर उपाय साधा, दर आठवड्याला कुंडी फिरवायची.

आता नेट काय करत नाही ते पण सांगते. हवा थंड होत नाही, पानावर पडणारं ऊन कमी होतं एवढंच. टोमॅटोची फुलं मे मध्ये नेटखाली पण गळली, कारण दिवसा ३५ च्या पुढं आणि रात्र पण उकाड्याची असली की परागच नीट बनत नाही, तिथं नेटला दोष देऊ नका. पानांची वर वळून पुंगळी झाली तर घाबरू नका, ऊन कमी लागावं म्हणून टोमॅटो ते करतो. दुपारी शेंडे मान टाकतात तेव्हा लगेच पाणी ओतू नका, सकाळी सहाला बघा. सकाळी ताठ असतील तर पाणी पुरेसं आहे, सकाळी पण मान खाली असेल तर मुळाशी खरंच कोरडं पडलंय. शेंड्याची वाढ पेशीतल्या पाण्याच्या दाबावर चालते, त्यामुळं पाणी कमी पडलं की पानं सुकायच्या आधीच शेंडा वाढायचा थांबतो. नवीन पान आलेलं नाही हे लक्षात आलं की मी आधी पाणी तपासते. आणि आमच्यासारखं बोअरचं जड पाणी असेल तर पानांची टोकं करपतात ती क्षारांमुळं, त्याला नेटचा काही उपयोग नाही.

मोगरा आणि डाळिंब नेटच्या बाहेर ठेवा, प्लीज. मोगऱ्याला कळ्या नवीन फुटीवर येतात आणि त्याला भरपूर ऊन लागतं, सावलीत नुसता पाला. डाळिंबाला तर ताणच पाहिजे. सांगोल्याकडचे शेतकरी बहार, म्हणजे फुलं-फळांचा हंगाम, धरताना पाणी तोडतात, पानगळ करतात, मग हलकी छाटणी करून खत-पाणी सुरू करतात आणि नव्या फुटीबरोबर कळी निघते. त्या झाडाला दर उन्हाळ्यात लाडानं झाकून ठेवणं मला तरी पटत नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे, एवढं जवळ असून आपण गच्चीवाले या झाडाबद्दल किती कमी वाचतो!

नेट काढायची वेळ पण महत्त्वाची. आतली रोपं वाऱ्यात हललेली नसतात त्यामुळं खोड मऊ राहतं, वाऱ्यानं सतत हलणारं झाड बुटकं आणि जाड होतं. एकदम काढली आणि वळवाचं वादळ आलं की रोपं आडवी. मी मेच्या शेवटी आधी संध्याकाळी गुंडाळायला लागते, मग सकाळचं कोवळं ऊन दाखवते, मृग लागेपर्यंत पूर्ण मोकळं. म्हणून फिटिंग पक्कं करू नका, तार आणि हुक लावून पडद्यासारखी सरकेल अशी करून घ्या.

टिकाऊपणाला पैकीच्या पैकी, दोन उन्हाळ्यात मोनोचा एक धागा तुटला नाही. टेपवाली, म्हणजे चपट्या पट्ट्यांची, स्वस्त मिळते पण जाऊबाईंची एका वर्षात कडेनं झिरमिळली. प्लॅस्टिकचे केबल टाय लावू नका, उन्हानं कडक होऊन तुटतात, नायलॉनची दोरी बरी. एक स्टार कापला तो रंगासाठी. पांढरी ५० टक्के उजेडाच्या रंगात फारसा फरक करत नाही आणि तापत पण कमी, पण इथं दुकानदार मागणी नाही म्हणून ठेवत नाहीत, आधी सांगितलं तर मागवून देतात. मी पुढच्या फेब्रुवारीतच सांगून ठेवणार आहे. ५ पैकी ४.