खिशातली गन: एलसीपी मॅक्स घ्यावं की जे-फ्रेम ६४२?

टेक्सासमध्ये मे ते सप्टेंबर अंगावर एक टीशर्ट किंवा पातळ शर्ट, याच्या वर काही घालवत नाही. त्यामुळे कमरेला नीट आकाराचं नाईन एमएम पिस्तूल लावून फिरायचं म्हटलं की ते वाकताना, गाडीतून उतरताना कुठूनतरी दिसतंच, आणि मग हळूहळू ते घरच्या सेफमध्येच राहायला लागतं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं हेच झालंय. म्हणून शेवटी विषय येतो पॅन्टच्या पुढच्या खिशात मावेल अशा गनवर, आणि तिथे माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: रुगरचं एलसीपी मॅक्स, म्हणजे .३८० चं छोटं सेमी-ऑटो (मॅगझिनचं पिस्तूल), किंवा स्मिथ अँड वेसनचं ६४२, म्हणजे पाच गोळ्यांचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही भरपूर वागवलीत, आणि आता रोज खिशात एकच जातं. तरी दुसरं घेणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही.

सिग पी३६५ का नाही, असं लगेच विचारतील. छान आहे ती, २०१८ ला आली आणि सगळं मार्केट बदलून टाकलं, पण रिकामी असताना ५०० ग्रॅम, खिशात घातली की पॅन्ट एका बाजूला ओढली जाते. ती बेल्टची गन आहे. आणि स्मिथचीच २०२४ ची बॉडीगार्ड २.० बघत असाल तर एलसीपी मॅक्सबद्दल जे लिहितोय त्यातलं बहुतेक तिलाही लागू होईल, दोन्ही एकाच वर्गातल्या.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखे ठरावीक अपवाद सोडून फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, मित्राची रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिट लागत नाही, पण एलटीसी, म्हणजे राज्याचं बंदूक बाळगायचं लायसन्स, काढाच असं मी सगळ्यांना सांगतो, कारण शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक न्यायला फेडरल मनाई आहे आणि राज्याचं लायसन्स असलं की त्यातून सूट मिळते. घरात शाळेत जाणारं पोर असलं की हा १००० फुटांचा पट्टा रोजच ओलांडावा लागतो. न्यू जर्सीला नातेवाइकांकडे जाताना मात्र घरीच ठेवा, ते राज्य बाहेरचं कुठलंच लायसन्स मानत नाही.

आता गन. एलसीपी मॅक्सबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलतो, कारण बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २००८ चं मूळ एलसीपी ज्यांनी चालवलंय त्यांना आठवत असेल, साइट (नेम धरायच्या खुणा) नावापुरत्या आणि झटका असा की मॅगझिन संपायची वाट बघावी. २०२१ चं मॅक्स त्या मानाने फार पुढे गेलंय. ग्रिप जराशी रुंद झाल्यामुळे झटका तळहातावर पसरतो, पुढच्या साइटला ट्रिटियम आहे त्यामुळे अंधारात ठिपका दिसतो, आणि एवढ्याशा जागेत दहा गोळ्या मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला उडायला तयार. वजन ३०० ग्रॅम. ऑफिसच्या फॉर्मल पॅन्टमध्येसुद्धा जाडजूड पाकीट असावं तेवढंच दिसतं. माझ्या हातात त्याने जॅम म्हणून दिलेला नाही. फक्त मनगट घट्ट धरावं लागतं, इतक्या हलक्या सेमी-ऑटोला सैल हात चालत नाही.

६४२ जुन्या घराण्यातलं. जे-फ्रेम ही स्मिथच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची जात १९५० पासून आहे, आणि हॅमर आत झाकलेली सेंटेनियलची घडण १९५२ ची, त्याचंच अॅल्युमिनियम फ्रेमचं आजचं रूप म्हणजे ६४२. वजन ४१० ग्रॅमच्या आसपास. सिलिंडर १.३ इंच जाड, आणि तो फुगवटा टाइट पॅन्टमध्ये दिसतो, यावर उपाय नाही, जरा सैल पॅन्ट घ्यायची. साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक खाच आणि पुढे उंचवटा, संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये दोन्ही नाहीतच असं समजा. ट्रिगर लांब आणि जड. कागदावर तुलना केली तर गोळ्या, साइट, जाडी, वजन, चारही ठिकाणी एलसीपी मॅक्स पुढे, आणि ज्यांना एवढंच महत्त्वाचं वाटतं त्यांनी तेच घ्यावं.

पण खिशातून काढताना गंमत वेगळी होते. ६४२ चा दांडा गोल आहे, हात खिशात घातला की मूठ आपोआप पूर्ण बसते आणि बाहेर येताना अडकण्यासारखं मागे काही नाही. एलसीपीचा दांडा चपटा, तो खिशाच्या कापडाला आणि होल्स्टरला चिकटून बसतो, बोटं मागे सरकवायला जागाच राहत नाही. आधी दोन बोटांत धरायचं, बाहेर काढायचं आणि मग पकड नीट करायची, असं माझं होतं. लहान हातांच्या माणसाचं कदाचित होणार नाही.

रेंजवर दोन्ही त्रासदायकच आहेत. इतक्या हलक्या गनने गोड झटका द्यावा अशी अपेक्षाच करू नये. एलसीपीचा झटका तुटक आणि झपकन येतो, ६४२ मध्ये साध्या १५८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या घातल्या तर अंगठ्याच्या बेचक्यात दणका बसतो, प्लस-पी म्हणजे जास्त दाबाच्या घातल्या तर डबा संपायच्या आत हात नको म्हणतो. माझ्यासाठी चित्र बदललं ते १४८ ग्रेनच्या वॉडकटरमुळे. चपट्या तोंडाची, कमी वेगाची, मुळात टार्गेटवर मारायची ही गोळी, पण खोल जाण्यात कमी पडत नाही आणि झटका निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. .३८० ला अशी सोय नाही, तिथे पोकळ तोंडाची गोळी घेतली तर आखूड नळीतून ती एकतर उमलते आणि पुरेशी खोल जात नाही, नाहीतर खोल जाते आणि उमलत नाही. दोन्ही जमणाऱ्या गोळ्या आहेत, पण शोधाव्या लागतात आणि डबा स्वस्त नसतो. खरं तर .३८ पण स्वस्त नाही, दोन्ही नाईन एमएमपेक्षा महागच.

अचूकतेचं माझं माप साधं आहे, एलटीसीची टेस्ट. ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. ही टेस्ट बहुतेक जण मोठ्या गनने देतात आणि मग खिशात छोटी घालून फिरतात, त्यामुळे मी अधूनमधून तीच टेस्ट खिशातल्या गनने स्वतःची स्वतः घेतो. ३ आणि ७ यार्डांवर एलसीपी मॅक्सने माझ्या गोळ्या जवळजवळ पडतात आणि लवकरही मारून होतात. १५ यार्डांवर मात्र मला ६४२ बरं जातं, बहुधा त्या लांब ट्रिगरमुळे, तो एकसारखा गुळगुळीत मागे येतो आणि घाई करूच देत नाही. हा माझ्या हातांचा अनुभव झाला, तुमचं उलट होऊ शकतं. ट्रिगर सुधारायला घरी डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) घालून रोज थोडा वेळ सराव करायचा, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

दुकानात बायकांना हमखास रिव्हॉल्व्हर दाखवतात, सोपं असतं म्हणून. ते मला पटत नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढावी लागत नाही हे खरं, पण तो जड ट्रिगर नेम न हलवता ओढणं हे अजिबात सोपं काम नाही. माझी बायको एलसीपी मॅक्सच जास्त चांगलं चालवते.

आणि तरी मी रोज ६४२ नेतो, ते एका कटकटीमुळे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गन रोज भरणं आणि रोज रिकामी करणं.

आमच्या घरात मूल आहे आणि आमचा नियम असा की रात्री सेफमध्ये जाणारी गन रिकामी असली पाहिजे. कायदाही तिकडेच बोट दाखवतो, भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. कुलूपबंद सेफने कायद्याचं काम भागतं, पण मला कुलूपही हवं आणि रिकामी पण हवी. तर आता सेमी-ऑटोचा रोजचा कार्यक्रम बघा. संध्याकाळी मॅगझिन काढा, ती इवलीशी स्लाइड चिमटीत धरून ताठ स्प्रिंगच्या विरोधात ओढा, चेंबरमधली गोळी उडून पलंगाखाली जाते ती शोधा, पुन्हा ओढून बघा, बोट घालून बघा. सकाळी मॅगझिन घाला, स्लाइड ओढा, मॅगझिन परत काढा, वरची एक गोळी भरा, परत घाला. आणि रोज सकाळी बहुधा तीच गोळी चेंबरमध्ये जाते, रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आपटत. काही आठवड्यांनी मी ती गोळी डब्यातल्या नव्या गोळीशेजारी उभी करून बघितली तर उघड दिसत होतं की पुढचं टोक पितळेच्या केसमध्ये आत दबलंय. असं झालं की आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब वाढतो, .३८० च्या छोट्याशा केसमध्ये तर थोडंसं दबणंही नको. हा कुठल्या कंपनीचा दोष नाही, एकच गोळी पुन्हापुन्हा चेंबर केली की कुठल्याही सेमी-ऑटोत हे होऊ शकतं. उपाय आहेत: गोळ्या फिरवत राहायच्या, दोनचारदा चेंबर झालेली सरावाच्या डब्यात टाकायची. मी ते करायचो. पण रोज रात्री दमलेल्या डोक्याने हा हिशोब ठेवायचा, आणि मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक आहे हे रोज न चुकता लक्षात ठेवायचं, हे मला नको झालं. इथली घरं लाकडी सांगाड्याची आणि ड्रायवॉलची, भिंत गोळी अडवत नाही, आणि बेडरूमच्या भिंतीपलीकडे मुलाची खोली आहे. जेवढ्या वेळा गन हाताळावी लागते तेवढ्या वेळा नळी कुठे रोखलेली आहे हा प्रश्न येतो.

६४२ चं काय, तर नळी वर करून अंगठ्याने खटका पुढे ढकला, सिलिंडर बाहेर, दांडी दाबा, पाच गोळ्या तळहातावर. मोजल्या की पाच. पाच भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो. सकाळी त्याच पाच परत घाला, काही आपटत नाही, काही दबत नाही. बायको शेजारी उभी असली तर तिलाही लांबून दिसतं की रिकामी आहे. पोस्ट ऑफिस, फेडरल बिल्डिंग, ५१ टक्क्यांचा लाल बोर्ड (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, म्हणून बंदुकीला मनाई) लावलेला बार, दाराशी ३०.०६ ची पाटी (लायसन्सवाल्यालाही लपवून बंदूक आणायला मनाई) असलेली जागा, असं काही दिवसात असलं की त्या दिवशी ती घरीच ठेवायची, आणि ते ठेवणं पण एवढंच सोपं.

रिव्हॉल्व्हरची स्वतःची काळजी आहेच. सिलिंडरमागच्या चांदणीखाली (रिकामी केसं बाहेर ढकलणारा भाग) जळायची राहिलेली दारू अडकली तर सिलिंडर नीट बंद होत नाही, म्हणून रेंजनंतर टूथब्रशने ती जागा साफ करायलाच लागते. खिशातला कापडी कचरा दोन्हीत साचतो, दर आठवड्याला फुंकून आणि पुसून घ्यायचा. आणि पाच म्हणजे पाचच. जास्तीच्या गोळ्या पट्टीत लावून दुसऱ्या खिशात ठेवता येतात, पण घाईत त्या भरणं एलसीपीचं मॅगझिन बदलण्याइतकं झटपट होणार नाही, त्या बाबतीत मी स्वतःची समजूत काढत नाही.

घरात मूल नसेल, किंवा तुम्ही गन होल्स्टरसकट भरलेलीच क्विक-अॅक्सेस सेफमध्ये ठेवणारे असाल, तर माझ्या कटकटीतली निम्मी तुम्हाला लागूच होत नाही, आणि मग एलसीपी मॅक्सच्या अकरा गोळ्या आणि तो चमकणारा ठिपका सोडायला मला तरी कारण दिसत नाही. रोज रिकामी करणारे असाल तर ६४२ बघा, शक्यतो आतलं कुलूप नसलेलं मॉडेल.

पुण्यामुंबईहून कोणी विचारतं तेव्हा सांगतो की हे सगळं इथलं झालं. तिकडे .३८ आणि नाईन एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या मापाच्या, आहेत, लायसन्सवर साधारण .३२ मिळतं, आणि हलकं म्हणून २०१४ ला आलेलं कानपूरचं निर्भीक हे ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर. तो हिशोब वेगळा.

घेण्याआधी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन चालवा, .३८ साठी वॉडकटरचा डबा बरोबर न्या, आणि १५ यार्डांवरून थोड्या तरी मारा. मग दुकानात काउंटरवर परवानगी घेऊन डमी राउंडनी दोन्ही चारपाचदा भरून रिकाम्या करून बघा, हे कोणी करत नाही आणि खरं उत्तर तिथेच मिळतं. खिशाचं होल्स्टर त्याच दिवशी घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात किल्ली, नाणं, रुमाल, दुसरं काही म्हणजे काही ठेवायचं नाही.