पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन: दुर्बिणीतून की चिरा देऊन? डाग, दुखणं आणि आरामाचे दिवस

माझ्या धाकट्या नणंदेला मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघाले, वैशाखात तिचं लग्न धरलंय, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर तिचा मला पहिला प्रश्न हाच, वहिनी डाग किती राहतो हो. फोनवर अर्धा तास सांगितलं, मग वाटलं लिहूनच ठेवते, कारण आमच्यात एकाच वर्षात दोन्ही प्रकारची ऑपरेशनं झालीत. माझं भुसावळला, दुर्बिणीतून. आणि माझी मोठी भावजय, चोपड्याकडे शेतात राबणारी, तिचं सुरू झालं दुर्बिणीतून आणि संपलं मोठा चिरा देऊन. दोघींचं पोट मी जवळून बघितलंय आणि दोघींचे घरी पडून राहायचे दिवसपण.

आधी एक घोळ मिटवते. आपल्याकडे "पिशवी काढली" म्हटलं की सगळ्या बाया गर्भाची पिशवी धरतात, आणि "बिनटाक्याचं" म्हटलं की कुटुंब नियोजनाचं. इथे पिशवी म्हणजे पित्ताची, लिव्हरखाली असते ती. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला टाके असतात, कमी असतात एवढंच. खडे नाही काढत, खड्यांसकट पूर्ण पिशवी काढतात, दोन्ही प्रकारात आतलं काम तेच आहे, फरक आत जायच्या वाटेचा. आणि हो, खडे दिसले म्हणून प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, काहीच त्रास नसेल तर बऱ्याचदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. त्रास सुरू झाला की मग मात्र विषय वेगळा.

चिरा देऊन पिशवी काढायची पद्धत जुनी, १८८२ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा झाली. दुर्बिणीतून पहिल्यांदा काढली जर्मनीतच, १९८५ मध्ये, एरिख म्यूह नावाच्या सर्जननी, आणि आपल्या देशात १९९० मध्ये मुंबईला डॉ. तेहेमतन उडवाडियांनी. म्हणजे आपल्या आई-सासूच्या पिढीतल्या ज्या बायांच्या बरगडीखाली लांब व्रण दिसतो त्यांना दुसरा पर्यायच नव्हता, त्यांचं बघून घाबरू नका.

आता डाग. माझ्या पोटावर चार आहेत. एक बेंबीत, एक छातीच्या हाडाच्या खाली, हे दोन साधारण १० मिलिमीटरचे, आणि उजवीकडे बरगडीखाली दोन बारके, ५ मिलिमीटरचे. बेंबीतला आता मलापण शोधावा लागतो, घडीत जाऊन बसला. उजवीकडचे दोन म्हणजे कांजण्यांचे वण असतात ना, तेवढे. छातीखालचा तेवढा अजून थोडा गडद आहे. भावजयीचा उजव्या बरगडीच्या कडेकडेनं तिरका, वीतभराला थोडा कमी, आणि त्याच्या खाली नळी लावली होती त्याचा एक ठिपका. शिवाय तिला दुर्बिणीची छिद्रंपण आहेत कारण आधी तीच पाडली होती. तिच्या व्रणाच्या खालची हातभर नाही पण चार बोटं जागा अजून बधिर आहे, हात लावला तर दुसऱ्याचं पोट वाटतं म्हणते. चिऱ्यात कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात त्यामुळे होतं ते, काहींचं महिन्यांनी कमी होतं, काहींचं थोडं राहूनच जातं.

पण डागाबद्दल जे कुणी सांगत नाही ते हे की टाके निघाल्यावर जे दिसतं ते शेवटचं नसतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माझे डाग इतके बारीक होते की मी खूश, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेच फुगले, जांभळट तपकिरी झाले, खाज सुटली, मी रडकुंडीला आले की काहीतरी बिघडलं. बिघडलं काही नव्हतं, जखम भरताना आत नवीन धागे भराभर तयार होतात तेव्हा डाग असाच वर येतो आणि मग हळूहळू बसतो, पूर्ण स्थिर व्हायला वर्ष, कधी दीड वर्षपण लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर काळसर रंग जरा जास्त दिवस टिकतो. ऊन लागलं तर अजून गडद होतो, आणि खान्देशातला मे महिना माहितीये तुम्हाला. पोट झाकलेलंच असतं म्हणा, पण शेतात पदर खोचून वाकल्यावर कडेचं पोट उघडं पडतं, तेवढं सांभाळा.

जखम पूर्ण मिटल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने रोज लावली तर डाग सपाट राहायला मदत होते, मी जेल लावली होती. त्याआधी काहीही लावायचं नाही, हळद नाही, राख नाही, खोबरेल नाही. आणि ज्यांना कान टोचल्यावर गाठ आली होती किंवा लसीच्या जागी, छातीवर वाढलेले व्रण आहेत त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सर्जनला दाखवावं, त्याला किलॉइड म्हणतात, तो जखमेच्या बाहेर पसरत जातो. अशा माणसाला लहान छिद्रं बरी, आणि जपायचं तर पहिल्या दिवसापासून.

नणंदेला मी खरं तेच सांगितलं, वैशाखापर्यंत चार ठिपके दिसणार, गडद दिसणार. पण शालूत कुणाला दिसणार नाहीत.

दुखण्याचं बोलायचं तर दोन्हीचं दुखणं वेगवेगळं आहे. दुर्बिणीत पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरून पोट फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते, नंतर गॅस काढतात पण थोडा राहतो, तो श्वासाच्या पडद्याला टोचतो आणि कळ येते खांद्यात. मला दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखला, मी घाबरले की हार्टचं काही आहे का, सिस्टर म्हणाल्या गॅस आहे, उठून चाला. चालल्यानं आणि गोळीनं दोन-तीन दिवसांत गेलं. चिऱ्यात ते खांद्याचं नसतं पण पोटाचे स्नायू कापलेले असतात, त्यामुळे खोकला, शिंक, हसणं, कुशीवर वळणं, सगळ्याला कळ. भावजय पहिले चार दिवस खोकला आला की उशी पोटावर दाबून धरायची, आणि दुखतं म्हणून ती खोल श्वासच घ्यायची नाही, त्यानं छातीत कफ धरतो, म्हणून नर्सबाई तिला दर तासाला फुग्याचा व्यायाम करायला लावायच्या. घरी येताना गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला ती उशी उपयोगी पडली, मलापण पडली, उशी घेऊनच जा.

दिवसांचा हिशोब असा. मी एक रात्र राहिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. भावजय सहा दिवस. मी दहाव्या दिवसापासून साधा स्वयंपाक, पंधराव्या दिवशी कामावर, माझं काम टेबलावरचं आहे. तिला महिना-सव्वा महिना नुसतं घरातल्या घरात, आणि शेताला हात लावायला दोन महिने गेले. साधारण सगळीकडे असंच सांगतात, दुर्बिणीला १ ते २ आठवडे, चिऱ्याला ४ ते ६, कष्टाच्या कामाला त्याहून जास्त. माझ्या मते ठरवताना बघायचं ते हे, डागाच्या सेंटिमीटरपेक्षा हे दिवस बघा. भावजयीची दसरा ते नाताळ कापसाची वेचणी गेली ना, मजूर लावले, आणि घरात भाकरी कोण थापणार म्हणून माझ्या आईला वयाच्या ६८ व्या वर्षी परत चुलीसमोर बसावं लागलं. दुर्बिणीचं बिल बऱ्याच खाजगी ठिकाणी जास्त येतं, पण बुडालेली मजुरी धरली तर हिशोब बदलतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची केस बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथेही चौकशी करा.

बाहेरची छिद्रं लहान म्हणून आपण बरे झालो असं वाटतं आणि तिथेच बाया चुकतात, मी चुकले. तेराव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलला आणि बेंबीपाशी अशी चमक निघाली की हंडा तिथेच टेकवला. सासूबाई ओरडल्या, जड काही उचलजो नको सांगेल होतं ना. कातडी आठवड्यात जुळते, पण तिच्या खालचा जो जाड पडदा शिवलेला असतो त्याला ताकद यायला वेळ लागतो, तीन महिन्यांनीसुद्धा मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपासच असते. बेंबीच्या छिद्रातून हर्निया येऊ शकतो, चिऱ्यातून येण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून हंडा, गॅसची टाकी, केळीचा घड, कडेवरचं मूल, हे दुर्बिणीवाल्यांनी तीन-चार आठवडे आणि चिऱ्यावाल्यांनी निदान दोन महिने विसरायचं, नक्की किती ते तुमचे सर्जन सांगतील. कापूस वेचताना कमरेला बांधतात ती झोळी भरली की सगळं ओझं पोटाला ओढतं, ती तर सगळ्यात शेवटी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावायचा नाही.

आणि परकराची नाडी! कुणीच सांगत नाही हे. नाडी बरोब्बर बेंबीखाली येते आणि टाक्याला घासत राहते, माझा बेंबीचा टाका त्यानंच ओलसर राहिला होता आठ दिवस. तीन आठवडे सैल गाऊन घाला, घरच्यांना काय वाटायचं ते वाटू द्या.

खाण्यापिण्यात दोन्हीचं सारखंच, पिशवी नसली तरी पित्त तयार होतच राहतं, थेट आतड्यात उतरतं, त्यामुळे पहिले काही आठवडे तेलकट खाल्लं की पोट बिघडू शकतं. मी दीड महिन्यानं शेवभाजी खाल्ली, तर्री बाजूला काढून. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मात्र लवकर चालली.

आता धोके. दुर्बिणीत पित्ताच्या मुख्य नळीला इजा व्हायचं प्रमाण हजारात ३ ते ५ च्या आसपास सांगतात, चिऱ्यात त्याहून थोडं कमी. चिऱ्यात जखम चिघळणं आणि हर्निया जास्त. अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, दुर्बिणीची नळ्या-अवजारं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर टीबीच्या जातकुळीतल्या एका जंतूचा संसर्ग छिद्राच्या जागी होतो, आणि तो लगेच दिसत नाही, जखम छान भरते आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ येते, पाणी यायला लागतं, साध्या अँटिबायोटिकनं जात नाही, महिनोन्महिने औषधं घ्यावी लागतात. म्हणून ऑपरेशनआधी सरळ विचारा की अवजारं कशानं स्टरलाइज करता, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन, आहे का. विचारायला लाजू नका, चांगला सर्जन रागवत नाही. ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी परत जायचं, मग ऑपरेशन कुठलंही असो.

एकाच छिद्रातून, बेंबीतूनच सगळं करतात असंपण आहे, डाग जवळजवळ दिसत नाही, पण बेंबीचं छिद्र मोठं लागतं आणि हर्नियाची शक्यता थोडी वाढते. नुसत्या डागासाठी मी नाही करणार.

भावजयीचं असं का झालं ते सांगते. तिला खड्यांच्या पोटदुखीचा पहिला अटॅक जूनमध्ये आला, पेरणी चालू होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं करून घ्या. ती म्हणाली निंदणी होऊ दे. मग दुसरा अटॅक, तिसरा अटॅक, प्रत्येक वेळी सलाइन लावून घरी. सप्टेंबरात गेली तेव्हा पिशवी सुजून आजूबाजूला इतकी चिकटलेली की दुर्बिणीतून काहीच ओळखू येईना, सर्जननी बाहेर येऊन भावाला सांगितलं की आता चिरा द्यावा लागेल, आणि दिला. आम्हाला तेव्हा वाटलं त्यांचं चुकलं. नाही चुकलं, ओळखू येत नसताना दुर्बिणीतूनच ओढत बसले असते तर पित्ताची मुख्य नळी कापली जाऊ शकली असती. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेलं असतं, सही करताना ते वाचा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ज्यांचं पोटाच्या वरच्या भागात आधी मोठं ऑपरेशन झालंय, किंवा हृदय-फुफ्फुसाचा जास्त त्रास आहे, त्यांना डॉक्टर सुरुवातीलाच चिऱ्याचं सुचवू शकतात, त्यात कमीपणा काही नाही. पण सुचवलं दुर्बिणीचं आणि तुम्ही काम आवरेपर्यंत थांबलात, तर तो पर्याय हातचा जाऊ शकतो.

काल व्हिडिओ कॉलवर भावजयीनं नणंदेला पदर बाजूला करून व्रण दाखवला, बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत. नणंद गप्प झाली. भावजय एवढंच म्हणाली, तू लवकर जाय. तारीख घेतलीये, पुढच्या महिन्यातली, पौष लागलेला असेल पण कुणी काही बोललं नाही. मी आठ दिवस तिच्याकडे राहायला जातेय, दोन सैल गाऊन आणि ती उशी बॅगेत भरली आहे.